मंजूर वाक्य क्रमांक तीन

लाट.

हा शब्द मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहिला आहे. का, ते ओघानं येईलच.

माझ्या नवऱ्याला सहा वर्षं असं वाटत होतं की मी टेलिफोनच्या केबलची राखण करते. म्हणजे मी त्याला तसं सांगितलं होतं. त्याला खरोखर काय वाटत होतं ते तोच जाणे. जयवंत भोळा नाही. कातळबाव मच्छीमार सोसायटीचा तो सचिव. साठ होड्या, त्यांचे चाळीस मालक आणि त्या चाळिसांची ऐंशी भांडणं, हे सगळं तो रोज सकाळी चहाबरोबर मिटवतो. समोरचा खोटं बोलतोय हे त्याला लगेच कळतं. पण माझ्या बाबतीत त्यानं कधी खोदून विचारलं नाही. एकदाच जेवताना म्हणाला, "तुझी ती केबल काय बोलता काय माहीत, पण तू झोपेत पण तोंड दाबून धरतंस." मी त्याच्या ताटात भात वाढला आणि विषय संपला.

केबल बोलत नव्हती, ऐकत होती.

त्यातलं विज्ञान अगदी सोपं आहे. केसाएवढ्या जाडीची काचेची तार घ्यायची आणि तिच्या एका टोकातून लेसरचा ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक दोष राहतातच, आणि त्या प्रत्येक दोषावरून प्रकाशाचा कणभर अंश मागे फिरतो. समुद्राच्या तळाशी काही हललं की तिथली तार ताणली जाते, इतकी कमी की डोळ्याला कधी दिसणार नाही. पण मागे येणारा प्रकाश तेवढ्यानंही बदलतो, आणि परतायला त्याला किती वेळ लागला यावरून ठिकाण कळतं. दर दहा मीटरला एक कान धरला तर आमच्या केबलला चोवीस हजार कान होते. देवमाशाची हाक, बोटीचा पंखा, नांगराची साखळी, तळावरून सरकणारा गाळ, सगळं त्यात यायचं.

ती टाकली होती समुद्रशास्त्रज्ञांनी, आणि चांगल्या कामासाठी. आपल्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर समुद्र उथळ आहे. मग तळ एकदम घाटासारखा खाली उतरतो. त्या उतारावरचा गाळ जागच्या जागी धरून ठेवायला काही ठिकाणी गोठलेला वायू असतो. बर्फासारखा, गाळात मुरलेला. समुद्र तापत चालला तसा तो वितळू लागला. गाळ सुटला की डोंगराएवढी दरड पाण्याखाली घसरते, आणि वरचं पाणी लाट होऊन किनाऱ्याकडे निघतं. असा धोका अरबी समुद्राच्या दोन्ही बाजूंना आहे. मूळ योजनेत चार देशांच्या केबली एकमेकींना जोडायच्या होत्या. एक कान बंद करून घंटा ऐका. वाजतेय हे कळेल, कुठून ते कळणार नाही. उतार सुटण्याआधी दोन दोन दिवस कुरकुरतो, आणि ती कुरकुर नेमकी कुठली हे सांगायला दोन बाजूंचे कान लागतात.

पण ज्या केबलला गाळ सरकताना ऐकू येतो, तिला पाणबुडीही ऐकू येते. हे ज्या दिवशी वरच्या लोकांच्या लक्षात आलं त्या दिवशी शास्त्रज्ञांना हार घालून निरोप दिला गेला, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जमिनीखाली आमचं केंद्र बांधलं गेलं आणि 'सागरी श्रवण विभाग' कुठेही पाटी न लावता सुरू झाला. बाकीच्या देशांनीही तेच केलं. प्रत्येकाकडे एकेक कान, आणि प्रत्येकाचा कान गुपित.

विभागाची बंद वाहिनी सोडली तर आमच्या केंद्रातून बाहेर जाणारा एकच फोन होता, कातळबावच्या सोसायटीचा. केबल आमच्या गावाच्या वाळूच्या पुळणीवरून वर येते. कुणी तिच्यावर नांगर टाकला तर तुटायची. म्हणून सोसायटीला कळवण्याची सोय होती, पण मनाला येईल ते बोलायचं नाही. टेबलावर पत्र्याचं कार्ड होतं आणि त्यावर पाच मंजूर वाक्यं. एक: केबलच्या पट्ट्यात होडी आहे, हलवा. दोन: पट्ट्यात जाळं टाकू नका. तीन: किनारा मोकळा करा, दुरुस्ती-पथक येत आहे. चार आणि पाच तशीच काहीतरी. फोनवर एक यंत्र कान देऊन बसलेलं असायचं. कार्डाबाहेरचा शब्द आला की ते फोन तोडायचं आणि दिवसभर पुन्हा लागू द्यायचं नाही. एका नव्या पोरानं पहिल्याच दिवशी "नमस्कार" म्हटलं आणि फोन गेला. त्या दिवशी जयवंत घरी येऊन पोट धरून हसला होता. "तुमच्या हापिसातलो कोण तो? नमस्कार केल्यान आणि मेलो!"

तो दसऱ्यानंतरचा बुधवार होता. सकाळी अकरा अडतीसला माझ्या समोरचा पडदा एका पट्ट्यात पांढरा झाला.

सहा वर्षांत असं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज लावला तर ट्रकमधून खडी ओततात तसा, पण थांबेचना. उताराचा चौदा किलोमीटरचा तुकडा खाली चालला होता. संगणकानं दहा सेकंदांत हिशेब मांडला: लाट, आमच्या किनाऱ्यावर उंची सहा ते नऊ मीटर, पोचण्याची वेळ बारा पन्नास.

बहात्तर मिनिटं. बहात्तर मिनिटांत कातळबाव दोनदा रिकामं होतं. खालच्या पुळणीवरून वरच्या वाडीत जायला पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी बारा मिनिटं लागतात, म्हातारं माणूस असलं तरी वीस.

मी केंद्राचे अधीक्षक नाबर साहेबांच्या खोलीत धावत गेले. वाईट माणूस नव्हे. तीन मुलींचा बाप, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः गाडी पाठवणारा. त्यांनी कागद पाहिला आणि बंद वाहिनीवरून पहिला संदेश पाठवला. बंदरातल्या युद्धनौकांना: ताबडतोब खोल समुद्रात जा. तो संदेश अकरा चव्वेचाळीसला गेला.

"आणि गावांना?" मी विचारलं.

"दिल्लीला विचारलंय."

"विचारायचं काय त्यात, साहेब?"

त्यांनी दार लावून घेतलं. "कुबल, बसा. हा भूकंप नाही. भूकंप असता तर जगभरच्या यंत्रांनी ऐकला असता आणि आपण उघड बोललो असतो. ही दरड आपल्याशिवाय कुणी ऐकलेली नाही. आत्ता इशारा दिला तर आपल्याला त्या ठिकाणापर्यंत ऐकू येतं, हे जाहीर होईल. तिथून वीस किलोमीटरवर आज कोण बसलंय ते तुम्हीच परवा मला दाखवलंत."

दाखवलं होतं. परकी पाणबुडी, इंजिन बंद करून, तीन दिवस.

"तिच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आपल्याला ती ऐकू येते हे त्यांना कळलं, की पुढच्या वेळी ती आपल्याला ऐकू येणार नाही अशी येईल. तेव्हा प्रश्न कातळबावचा नसेल, मुंबईचा असेल. उथळ पाण्यातल्या सरकारी तरंडीनं, त्या तरंगत्या मोजयंत्रानं, लाट मोजली की इशारा आपोआप सुटेल, कुणाला संशय येणार नाही. तोवर थांबायचं."

"ती तरंडी लाट कधी मोजणार?"

"साडेबाराच्या सुमारास. मग वरून होकार यायला पाच-दहा मिनिटं."

याच्यात चूक कुठे काढायची? मला तेव्हा काढता आली नाही. आजही ते बोलणं आठवलं की प्रत्येक वाक्य आपापल्या जागी बरोबर वाटतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं.

मोबाईल वरच्या मजल्यावर कपाटात. सावधानतेचा लाल दिवा लागला की दारं बाहेरून बंद. माझ्या हातात उरला तो सोसायटीचा फोन आणि ते पत्र्याचं कार्ड. मी पाचही वाक्यं वाचली आणि तिसऱ्यावर थांबले. किनारा मोकळा करा. अरे, हेच तर हवंय! कार्डावरचं वाक्य, यंत्र तोडणार नाही, साहेबांना हरकत घेता येणार नाही, पाणबुडीला पत्ता लागणार नाही, आणि पुळणीवर चिटपाखरू राहणार नाही. खरं सांगते, मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी विचारलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकी नसलेल्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "मंजूर वाक्य आहे. तुमचा अधिकार आहे."

अकरा बावन्नला मी फोन लावला. जयवंतनंच उचलला.

"किनारा मोकळा करा, दुरुस्ती-पथक येत आहे," मी म्हणाले. आवाज शक्य तितका तातडीचा काढला.

"आज? बुधवारचा?" तो म्हणाला. मला उत्तर देता येत नव्हतं. त्याला ते माहीत होतं. "बरा, करतंय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

फोनची रीत अशी होती की एकदा वाक्य गेलं की आमच्याकडून बोलायची वाट बंद. काम झाल्याचं सोसायटीनं कळवायचं, ते आम्ही फक्त ऐकायचं, आणि मगच अधीक्षकांनी पुढचा फोन उघडायचा. मी वाट पाहत बसले. दुसऱ्या पडद्यावर युद्धनौकांचे ठिपके एकामागून एक बंदराबाहेर पडत होते. बारा वीसपर्यंत सगळे खोल पाण्यात पोचले. ते वाचले याचं मला वाईट वाटायचं कारण नाही; त्यांच्यावरही कुणाकुणाची पोरं आहेत.

बारा एकतीसला सोसायटीचा फोन आला. जयवंतला धाप लागली होती आणि तो खुशीत होता. मागे "हैस्सा, हैस्सा" ऐकू येत होतं.

"पन्नास होड्ये खाडीत नेलंव. दहा रवले असत. शिंग वाजवलंय तसो सगळो गाव खाली इलो. दुपारची वेळ, सगळे जेवन आडवे झाले होते, पण कोण घरात रवलो नाय. दर्शना, तुझी आये पण इली असा! दोराच्या शेवटाक उभी रवान ओढता."

मी कातळबावचीच. माहेर वरच्या वाडीत, सासर खालच्या. आमच्या गावात किनारा मोकळा करायचा म्हणजे काय करायचं हे मला जन्मापासून ठाऊक आहे. किनाऱ्यावर होड्या असतात, जाळी असतात, ओंडके असतात. ते हलवायचे. एक होडी ओढायला वीस माणसं लागतात. म्हणून देवळातलं शिंग वाजवतात, आणि शिंग वाजलं की ज्याला दोन हात आहेत तो खाली येतो. मीही लहानपणी आईच्या पुढे दोर धरून ओढलंय. सहा वर्षं जमिनीखाली बसून मी ते विसरले. आमच्या पडद्यावर किनारा म्हणजे एक रेघ असते. माझ्या डोक्यात मोकळा करायचा म्हणजे माणसांनी निघून जायचं.

एरवी त्या वेळी पुळणीवर वीस-बावीस माणसं असती. माझ्या वाक्यानं अडीचशे आणली.

मी साहेबांच्या दारावर मुठी आपटल्या. ते दिल्लीशी बोलत होते. मी ओरडत होते, "फोन उघडा, फोन उघडा," आणि ते एक बोट वर करून थांबा म्हणत होते. बारा एकोणचाळीसला होकार आला. इशारा सुटला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोबाईलवर एकाच वेळी भोंगा वाजला.

होड्या ओढायला जाताना आमच्याकडे मोबाईल कुणी बरोबर नेत नाही. खाऱ्या पाण्यात पडतो म्हणून. वरच्या वाडीत, रिकाम्या घरांत, शंभर-दीडशे फोन वाजत राहिले. देवळाजवळ राहणारा, पांगळा झालेला बाबी धुरी एकटाच घरी होता, त्यानं ते ऐकलं. तो खिडकीतून ओरडत होता. खाली हैस्सा चालू होता. शेवटच्या पाच मिनिटांत पाणी मागे गेलं तेव्हा कुठे दोघा-तिघा म्हाताऱ्यांना संशय आला आणि पळापळ झाली.

एकाहत्तर माणसं गेली. आये दोराच्या शेवटाला होती, म्हणजे पाण्यापासून सगळ्यात लांब. पण गुडघ्यांनी ती पाखाडी चढू शकली नाही.

जयवंत वाचला, कारण तो सोसायटीच्या माडीवर फोनपाशी बसून होता. माझा पुढचा फोन येईल म्हणून.

तिकडे समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एकशे ऐंशी गेली. त्यांच्याकडेही अशीच केबल आहे. ती टाकणारं जहाज आम्हीच ऐकलं होतं. म्हणजे त्यांच्यातही कुणीतरी माझ्यासारखं पडद्यासमोर बसलेलं असणार, आणि त्याच्या टेबलावरही एखादं कार्ड असणार. दोन दिवस आधीची कुरकुर आमच्या एका कानात होती, त्यांच्या एका कानात होती. पाणबुडी मात्र सुखरूप घरी गेली. ती जाताना मी ऐकली.

तेराव्या दिवशी दुपारी विभागाची जीप आली आणि मला एक पाकीट देऊन गेली. चौकशीचा निष्कर्ष आणि त्यासोबत प्रशस्तिपत्र. 'आणीबाणीच्या प्रसंगी गोपनीयतेचा भंग न होऊ देता केवळ मंजूर संदेशाचा वापर करून दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल.' खाली सही, शिक्का. सोबत एक छापील आठवण: याबाबत कुटुंबीयांशीही बोलल्यास चौदा वर्षं.

ते घेऊन मी आयेच्या घराच्या मागे कातळावर गेले. जयवंत तिथे बसला होता. तेरा दिवस तो तिथेच बसायचा. गावात त्याला कुणी एक शब्द बोललं नव्हतं, पण तो आला की बोलणं थांबायचं. घराघरांतून. शिंग कुणी वाजवलं हे सगळ्यांना माहीत होतं. माझा फोन होता हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांका मिया खाली आणलंय," तो म्हणाला. हे तो रोज म्हणायचा. मग आज पहिल्यांदा त्यानं मान वर केली. "दर्शना, येकच विचारतंय. तू फोन केलंस तेवा तुका ठाऊक होता?"

नाही म्हणणं सोपं होतं. कायद्यानं तेच बंधनकारक होतं. नाही म्हटलं असतं तर तो जन्मभर ते शिंग एकटाच छातीवर घेऊन बसला असता, आणि मी शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. सहा वर्षं मी तेच करत आले होते.

"होता," मी म्हणाले. "अकरा अडतीसपासून."

आणि मग मी भराभर बोलत सुटले. दरड, पाणबुडी, दिल्ली, कार्ड, ते यंत्र. कार्डाबाहेरचा शब्द बोलले असते तर यंत्रानं फोन तोडला असता, दिवसभर लागला नसता, तुला काहीच कळलं नसतं, म्हणून मी तिसरं वाक्य निवडलं. मला वाटलं माणसं वर जातील. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी प्रशस्तिपत्र मोठ्यानं वाचावं तसं बोलतेय. मी थांबले.

मग तो म्हणाला, "नमस्कार."

"काय?"

"तो तुमचो नवो पोरगो. नमस्कार केल्यान आणि मेलो." तो हसत नव्हता. "फोन तुटलो. पण नमस्कार माका आयकाक इलो होतो."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"लाट म्हणान तुझो फोन मेलो असतो," तो म्हणाला, "तरी लाट आयकाक इली असती. येकच शब्द. दर्याच्या माणसाक तेवढो पुरे होतो गो."

तो उठून वाडीकडे गेला. मी कातळावर बसून राहिले.

यंत्राला शब्द आधी ऐकावा लागतो, मगच ते तोडतं. अर्धा सेकंद. हे मला सहा वर्षं माहीत होतं. त्या यंत्राची देखभाल माझ्याचकडे होती. त्या बुधवारी त्याला काही करावंच लागलं नाही. तो शब्द मीच घशात दाबला, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. आये, मला माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही.

परवापासून मी पुन्हा कामावर जाते आहे. केबल ऐकते आहे. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे, एका कानानं नक्की सांगता येत नाही, पण आणखी एक उतार कुरकुरतो आहे. नाबर साहेबांनी नोंद घेतली आहे आणि वर कळवलं आहे. आज संध्याकाळी मी हा कागद फॅक्सनं मुंबईच्या दोन वर्तमानपत्रांना आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या सोसायट्यांना पाठवते आहे. जयवंतनं नंबर दिले. पाठवताना मध्येच कुणीतरी तोडेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

म्हणून तो शब्द सगळ्यात वर लिहिला आहे.